चपटीची वही

६ एप्रिल २०२५

जुनी वही वाळवीनं खाल्ली. पुठ्ठा शाबूत, आत नुसता भुसा. आज रामनवमी, शहरात पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा, म्हणजे गाडी तिकडे न्यायचा प्रश्नच नाही. बसून नवी वही काढली.

गाडी: महिंद्रा एफसी-१५०, १९७२ची. नाक नसलेली, चपट्या तोंडाची जीप-ट्रक. विलिसनं ती अमेरिकेत १९५६च्या शेवटी काढली, आपल्याकडे महिंद्रानं साठच्या दशकाच्या मध्यापासून बनवली. चार सिलिंडर, २१९९ सीसी, पेट्रोल. तीन गिअर आणि फोर-व्हीलचे दोन वेगळे दांडे. इंजिन बोनेटखाली नाही, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, लोखंडी झाकणाखाली. आजोबांनी १९८४ मध्ये लिलावात घेतली. तेव्हापासून कळमेश्वर तालुक्यातलं आमचं वावर आणि नागपूरचा बाजार, एवढंच तिचं जग. गावात तिला सगळे 'चपटी' म्हणतात. त्यामुळे "संध्याकाळी चपटी घेऊन येतो" असं सोयऱ्यांना फोनवर सांगताना जरा जपून बोलावं लागतं.

आजची स्थिती: इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं. डायनामो दहा वर्षांपूर्वीच काढला, अल्टरनेटर बसवला आहे. स्टेअरिंगला चार बोटं ढिलाई. उजव्या पुढच्या चाकाचं नकल सील (चाक जिथे वळतं त्या सांध्याचं) गळतं. ब्रेक लागतात, पण पेडल खोल जातं. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. रंग उडालेला आहे आणि उडालेलाच राहील. ही गाडी कुणाला दाखवायला ठेवलेली नाही. चालणं, थांबणं, वळणं आणि सहाशे किलो ओढणं, याला लागेल तेवढंच काम करायचं.

मीटर: ४१,२०८. हे किती वेळा फिरून पुन्हा शून्यावर आलं ते वाळवीला माहीत.

१९ एप्रिल

सीबी पॉइंट, प्लग, टॅपेट. तिन्ही एकाच दिवशी केले, म्हणजे झाकण एकदाच उघडायचं.

या इंजिनाची रचना गमतीची आहे. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर काढणारे खाली ब्लॉकच्या बाजूला. म्हणजे अर्धे टॅपेट वरचं झाकण काढून करायचे आणि अर्धे बाजूची पट्टी काढून, मॅनिफोल्डच्या खालून हात घालून. इनलेट अठरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट सोळा थाऊ, इंजिन थंड असताना. साध्या जीपला माणूस बाहेर उभा राहून वाकतो. इथे सीटवर आडवं पडून, पाय दाराबाहेर काढून काम करावं लागतं. शेजारच्या काकाजींनी येऊन विचारलं, "काय भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

पॉइंटची गॅप वीस थाऊ, प्लगची तीस. तीन नंबरचा प्लग पांढरट निघाला, बाकीचे तपकिरी. पांढरट म्हणजे पेट्रोल कमी मिळतंय. नोंद करून ठेवतो, आज कारण शोधायला ताकद नाही. सकाळी दहालाच झाकण हाताला चटका देत होतं, आणि इंजिन तर सुरूही केलं नव्हतं.

४ मे

आज रस्त्यात बंद पडली.

पहाटे साडेपाचला निघालो. वांगी आणि कोहळे मिळून सव्वीस क्रेट, कळमन्याच्या बाजारात द्यायचे. पांदणीतून बाहेर येऊन काटोल रोडला लागलो, रस्ता मोकळा, पन्नासवर धरली. पंधरा-वीस मिनिटांनी झटके सुरू. पाय दाबला की आणखी झटके. फेटरीच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिच्यासमोर बंद. सेल्फ मारून पाहिला, नाही. कार्ब्युरेटरचा पाइप सैल केला, पेट्रोल नाही.

मिस्त्रींना फोन केला. "भाऊ, वेपर लॉक होऊन राहिलं. पंपावर ओलं फडकं टाका, धा मिनिटं बसा, चाय घ्या."

म्हणजे उष्णतेनं नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. तसं केलं. बारदान्याचा तुकडा भिजवून पंपावर ठेवला, चहा घेतला, सेल्फ मारला, सुरू. ऑटोमोटिव्ह चौकातून कळमन्यापर्यंत पुन्हा काही नाही. दुपारी परत येताना सीताबर्डीच्या गर्दीत चाळीस मिनिटं रांगत होतो, वर ऊन, बाजूला इंजिनाची भट्टी, तरीही बंद पडली नाही. नशीब.

२७ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू. नागपुरात उन्हाळ्याबद्दल तक्रार करणं म्हणजे मुंबईत पावसाबद्दल करण्यासारखं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले. त्या दिवशी ही गाडी कापसाचं बियाणं घेऊन आली होती आणि वडिलांनी पायात ओल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

झाकणाच्या आतून आता दोन थर बसवले. आधी काचलोकरीचं आवरण, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, मधे अर्धा इंच हवा. पत्रा लोहाओळीतून आणला, कापून वाकवला घरीच. झाकणाच्या कडेचं जुनं फेल्ट पूर्ण झडलं होतं, तिथून गरम हवा आणि धुराचा वास दोन्ही येत होते. नवं फेल्ट चिकटवलं. आधी केबिनमध्ये टांगलेला थर्मामीटर दुपारी ५६ दाखवायचा, आता ४९. सात अंशांना कमी म्हणायचं की नाही, हे डाव्या पिंढरीला विचारावं.

शेणखत टाकायचं काम चालू आहे. सकाळी दहा ते दोन, भर उन्हात, लो गिअरमध्ये वावरात रांगत होती. एकदाही झटका नाही. पत्र्यानं पंपालाही फायदा झालेला दिसतो.

३० मे

पत्र्यानं फायदा झालेला नाही. पहाटे सहा, काटोल रोड, तीच टपरी. टपरीवाल्यानं न विचारता पाण्याचा जग पुढे केला.

१५ जून

पाऊस आला. चांगला तासभर पडला. हवा थंड, रस्ता ओला, आणि चपटी फेटरीजवळ बंद.

म्हणजे उन्हाचा दोष नव्हता. किंवा एकट्या उन्हाचा नव्हता. मिस्त्री म्हणाले, "मंग ते पेट्रोल. आताचं पेट्रोल म्हणजे अर्धी दारू हाय."

अर्धी नाही, वीस टक्के. ई-२० पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. आधी वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० होतं, ते अलीकडे ओढून २०२५ केलं. ऊसवाल्या शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे हे मान्य. पण १९७२च्या गाडीला कुणी विचारलं नाही. तिला तीन अडचणी. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून अॅव्हरेज पडतं. त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मिश्रण पातळ पडतं. तीन नंबरचा पांढरट प्लग आठवला. आणि तिसरी, ते जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं.

पंप खोलला. डायाफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, खरंच पापडासारखा वेडावाकडा झालेला. नवीन किट बसवलं, दुकानदारानं "ई-ट्वेंटीवालं" म्हणून दिलं, ४८० रुपये. कार्ब्युरेटरमध्ये मेन जेट एक नंबर मोठा टाकला. सुरू केल्यावर आवाजच वेगळा, भरलेला. मिस्त्री खूश, मी खूश.

९ जुलै

दोन दिवसांपासून झड. पांदण म्हणजे काळ्या मातीचा लगदा. ट्रॅक्टर धुऱ्यापाशी फसला होता. त्याला काढायला चपटी नेली. फोर-व्हील टाकलं, लो टाकलं, पहिला गिअर, आणि क्लच सोडून पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घेतला. या गाडीचं खरं काम हेच. चाकं फिरवायची नाहीत, नुसतं चालू द्यायचं. दोरीला ताण आला, एकदा थरथरली आणि ट्रॅक्टर सुटला. ट्रॅक्टरवाला पोरगा आपल्या मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेत होता, स्टेअरिंग धरायचं सोडून.

दोन तास त्या चिखलात. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

वायपर मात्र रडकुंडीला आणतो. हा व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर. पाय उचलला की सपासप, चढावर पाय दाबला की मधेच उभा. जिथे दिसायला हवं नेमकं तिथे थांबतो. इलेक्ट्रिक मोटर बसवायची, पण सीझनआधी नाही.

२३ जुलै

पुन्हा बंद पडली. दोनदा. एकदा काटोल रोडला, एकदा रिंग रोडला मानकापूरच्या पुढे.

टाकी उतरवली. हे काम सहा वर्षं टाळत होतो. पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी बोटभर वेगळा थर, वर पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं पाणी झालं की ते दोघं पेट्रोलची संगत सोडून तळाला बसतात. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवायची नाही, हे आता दाराच्या आत खडूनं लिहून ठेवलं आहे.

टाकीच्या आत जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर होता, तो नव्या पेट्रोलनं सुटून चोथा झाला होता. खाली तांबडा गंज. मूठभर बारीक खडी आणि एक सायकलची चेन आत टाकून दोघांनी मिळून टाकी अर्धा तास हलवली. दुसऱ्या दिवशी दंड वर होईनात. तीन वेळा धुतली, उन्हात (जेवढं मिळालं तेवढ्या) वाळवली. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची जाळी नवी. फिल्टर आता पारदर्शक, म्हणजे आत काय चाललंय ते दिसेल.

खर्च १,१५०. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, "टाकी तुमीच हालवली ना."

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. संध्याकाळी बैलजोडीची खांदशेकणी केली, हळद आणि लोणी खांद्याला चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं. मग ग्रीस गन घेतली आणि चपटीच्या खाली शिरलो. किंगपिन, स्टेअरिंगचे जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्प्रिंगच्या शॅकल. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत प्रत्येक निपल मारला. दोन निपल बुजलेले, बदलले. स्टेअरिंगची ढिलाई चार बोटांवरून तीनवर आली. उरलेली तीन ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) आतल्या झिजलेल्या बॉलमुळे, ते वेगळं काम.

उद्या तिच्याही आरशाला गोंडा बांधायचा, असं पोरीनं ठरवलंय.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा आणि मारबत. पोरीला घेऊन इतवारीत गेलो, चपटीनं नाही, बसनं. काळी आणि पिवळी मारबत, मागून बडगे, असे पुतळे मिरवत नेतात, आणि गर्दीचा एकच ओरडा. लोक महागाईला, डासांना, खड्ड्यांना घेऊन जा म्हणत होते. मी गळा काढून ओरडलो, "पाणीवालं पेट्रोल घेऊन जाऽऽ गे मारबत!" शेजारच्या दोन अनोळखी माणसांनी साथ दिली. त्यांच्याही घरी काही जुनं असावं.

११ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवतो, कारण हात अजून पूर्ण स्थिर नाहीत.

सकाळी सातला, काटोल रोडच्या उतारावर, मागे बावीस क्रेट टोमॅटो. पुढे दूधवाल्याची गाडी हळू झाली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट फळीला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा फळी. तिसऱ्या दाबाला किंचित काहीतरी लागलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली, गिअर ओरडला, हँडब्रेक ओढला. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर आहे. धावत्या गाडीत ओढला तर हिसका बसतो, पण बसला तर बसला. दूधवाल्याच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. त्याला कळलंही नाही.

मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचा कप फाटला होता. ड्रम काढला तर आत ऑइलचं तळं. एका चाकाचा कप गेला की चारही चाकांचे ब्रेक जातात, कारण या जुन्या गाडीला सर्किट एकच. एप्रिलमध्ये मीच लिहिलंय, "पेडल खोल जातं". ती ओळ वाचून स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. पेट्रोलच्या मागे चार महिने लागलो. गाडी सुरू होत नाही म्हणजे त्रास. थांबत नाही म्हणजे काय, ते आज कळलं.

१६ सप्टेंबर

पाच दिवस गाडी स्टँडवर. माल भाड्याच्या पिकअपनं गेला, खेपेला १,४०० रुपये.

चारही व्हील सिलिंडर हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवर नेऊन स्टेनलेसची स्लीव्ह घातली. आतून खड्डे पडलेले सिलिंडर नुसते घासून कप बदलले असते तर वर्षभरात पुन्हा तेच. तिन्ही रबरी होज नवे. मागचे लाइनर ऑइलनं भिजलेले, फेकले, नवे चिकटवून घेतले.

आणि इथे मी 'लागेल तेवढंच काम' हा माझा नियम मोडला. मास्टर सिलिंडर जुन्या पद्धतीचा न घेता नंतरच्या जीपचा दोन सर्किटचा बसवला. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तरी दुसरी राहील. ब्रॅकेट नवं करावं लागलं, पुशरॉड दीड सूत कमी केली. मूळ पार्ट, मूळ पार्ट म्हणून जपणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांनी एकदा बावीस क्रेट टोमॅटो घेऊन त्या उतारावरून यावं.

एक नोंद: रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला तर मागचं अंग हलकं होतं, चाकं घसरतात. ड्रायव्हर, इंजिन, सगळं वजन पुढच्या चाकांवर. रिकामी असताना आता मागे दोन पोती वाळू.

२५ सप्टेंबर

पासिंग.

दरवर्षीचं आहे, पण या वेळी ब्रेक नवे असल्यानं छाती फुगवून गेलो आणि पीयूसीतच अडकलो. या काळातल्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. आमचा आला ४.१. जून महिन्यात मोठा जेट टाकून दिला होता ना! पण आयडलवर मेन जेटचं काम नसतं, आयडलचा स्क्रू वेगळा. तिथेच उभं राहून स्क्रू पाव-पाव फेरा आत घेतला, आयडल जरा वाढवला. २.६. मशीनवाल्या पोरानं विचारलं, "काकाजी, ही गाडी कोणत्या कंपनीची? इलेक्ट्रिक होईल का?"

पासिंगला चेसिस नंबर पेन्सिलनं कागदावर घासून द्यायचा असतो. नंबर रंगाच्या थराखाली. पॉलिश पेपरनं घासत बसलो, अधिकारी शेजारी उभे. शेवटी आकडे उमटले तेव्हा ते म्हणाले, "ही माझ्यापेक्षा मोठी आहे." पर्यावरण कर भरला. नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेटही लागली. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्ती आहे. जुना तीन अक्षरांचा नंबर त्या चकचकीत प्लेटवर फारच उपरा दिसतो. आजोबांनी रंगवून घेतलेली लोखंडी पाटी घरी खिळ्याला अडकवली.

तिथे एकानं सल्ला दिला, पन्नास वर्षांच्या वर आहे, विंटेज म्हणून नोंदवा ना. २०२१ पासून तशी वेगळी नोंदणी आहे खरी. पण त्या नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. आणि व्यवसायाला तर नाहीच. म्हणजे गाडीला हार घालून घरी बसवायचं आणि टोमॅटो मी डोक्यावर न्यायचे.

१ ऑक्टोबर

खांडेनवमी. पाना, हातोडी, फिलर गेज, ग्रीस गन यांची पूजा. पान्यांच्या डब्यात अठराचा पाना दोन आणि सतराचा एकही नाही. दरवर्षी असंच.

१९ ऑक्टोबर

आज मिस्त्रींनी विषय काढलाच. एक जुनं महिंद्राचं डिझेल इंजिन मिळतंय, प्यूजोचं डिझाइन, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, नावातच सगळा हिशेब. "टाकून घ्या भाऊ. कायले पेट्रोल जाळून राहिले?"

बसून आकडे मांडले. पेट्रोल १०४च्या घरात, गाडी लिटरला सात देते, म्हणजे किलोमीटरला पंधरा रुपये. डिझेल नव्वदीच्या आसपास, बारा दिलं तर साडेसात. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर साडेसात हजारांचा फरक. इंजिन, माउंटिंग, मजुरी, कागदपत्रं मिळून दीड-पावणेदोन लाख. दोन वर्षांत पैसे वसूल. हिशेब डिझेलच्या बाजूनं आहे, वहीत खोटं लिहिणार नाही.

पण ते इंजिन माझ्या मांडीशेजारी बसणार. सोबत त्याचा आवाज, थरथर आणि नवतप्यात त्याची ऊब. शिवाय इंजिन बदलाची परवानगी आणि नोंद. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा पंधरा दिवसांवर आलाय. आता नाही. तोडा झाल्यावर बघू, असं म्हणालो. मिस्त्री हसले. बहुतेक मागच्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो, पण ती वही वाळवीकडे आहे.

आजही फेटरीला थांबली. टाकी साफ, डायाफ्राम नवा, जाळी नवी, फिल्टरमध्ये कचरा नाही. फक्त बंद पडली तेव्हा फिल्टर जवळजवळ रिकामा होता.

२ नोव्हेंबर

सापडलं. मला नाही, पोरीला.

दिवाळीच्या सुट्टीत ती ही वही मोबाइलमध्ये उतरवून घेत होती, वाळवीच्या भीतीनं. वाचता वाचता म्हणाली, "बाबा, तुमी म्हणता गरमीनं बंद पडते. पण मे महिन्यात भर दुपारी वावरात एकदाही नाही पडली. बर्डीच्या गर्दीत नाही पडली. चिखलात दोन तास नाही पडली. पडते कधी? पहाटे. मोकळ्या रोडवर. पंधरा-वीस मिनिटं झाली की."

मी गप्प. कारण हे सगळं माझ्याच अक्षरात होतं.

रांगताना इंजिनाला पेट्रोल थोडं लागतं. पन्नासनं सलग पळताना भरपूर लागतं. म्हणजे वाट पूर्ण बंद नाही, अरुंद आहे. आणि दहा मिनिटं थांबलं की पुन्हा मोकळी होते. पंप बदलला, टाकी धुतली. मधे काय उरलं? चेसिसवरची तांब्याची नळी, आणि तिला पंपाशी जोडणारा वीतभर रबरी पाइप.

बाहेरून तो पाइप अगदी नवा दिसतो. तीनच वर्षांपूर्वीचा आहे. काढून उभा चिरला. आतलं अस्तर फुगून सुटलेलं, जिभेसारखं लोंबत होतं. पंपानं जोर लावून ओढलं की ती जीभ पाइपात आडवी येणार, ओढ थांबली की हळूहळू मागे सरणार. फडक्यानं काही होत नव्हतं. बारदाना भिजवून, चहा घेऊन होईपर्यंत ती जीभ आपोआप बाजूला होत होती. पाच महिने माझी गाडी चहानं सुरू होत होती.

मिस्त्रींना तो तुकडा दाखवला. बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, मग खिशात टाकला. "पोट्ट्याइले दाखवतो गॅरेजमधल्या." पोरीसाठी त्यांनी अर्धा किलो संत्रा बर्फी पाठवली.

इथेनॉल सोसणारा, विटॉन रबराचा पाइप आणला. वीतभराचे २६० रुपये. तांब्याच्या नळीत हवा मारून तीही मोकळी असल्याची खात्री केली. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइपही त्याच जातीचा टाकला, कारण तो इंजिनाच्या डोक्यावर, आपल्या गुडघ्याशेजारी असतो; तो फुटला तर फक्त गाडी थांबण्यावर भागणार नाही. क्लिपा नव्या. केबिनमध्ये छोटा फायर एक्स्टिंग्विशर, सीटच्या मागे.

७ नोव्हेंबर

रिकामी गाडी, काटोल रोड, मुद्दाम पंचावन्ननं सलग. वाळूची पोती मागे. थांबली नाही. परत येताना पुन्हा तसंच. थांबली नाही. तरी अजून विश्वास बसत नाही.

१८ नोव्हेंबर

आंबियाचा तोडा सुरू. पहिली खेप, तीस क्रेट, सगळी मोठी फळं खाली आणि बारीक वर, अशी उलटी भरली, म्हणजे मोठ्यांना हेलकावे कमी. पहाटे पाचला निघालो. दहिवर पडलेलं, चक्क थंडी, आणि मे महिन्यात शिव्या खाल्लेलं ते इंजिनाचं झाकण आज दोन्ही हातांनी आलटून पालटून शेकत होतो.

फेटरीजवळ टपरीवाल्यानं लांबूनच गाडी ओळखली, जग उचलला. मी हॉर्न मारला, तो वाजला नाही, म्हणून हात केला आणि पुढे गेलो. मानकापूर, ऑटोमोटिव्ह चौक, कळमना. सहा वाजून दहा मिनिटांनी लिलावाच्या शेडसमोर. एवढ्या लवकर पोचायची सवय नसल्यानं अर्धा तास काय करावं कळेना.

या महिन्याचं अॅव्हरेज ७.९. डिझेलच्या हिशेबाचं पान उघडून दोन वर्षांच्या जागी अडीच लिहिलं, पेन्सिलनं.

येताना टपरीवर थांबलो. "आज बिघडली नाही?" त्यानं विचारलं. दोन चहा सांगितले, एक मिस्त्रींच्या पोराला, तो सोबत होता ड्रॅग लिंकचा आवाज ऐकायला. त्याच्या मते बॉल नाही, स्टेअरिंग बॉक्सची बुश आहे.

बाकी: ड्रॅग लिंक की बुश ते ठरवणं, उजवं नकल सील, वायपरची मोटर, सतराचा पाना, हॉर्न.